भिंतीवरच्या सात घागरी

नुकताच चुना दिलेल्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं काढलेल्या सात घागरी, वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत दोन, सगळ्या एकाच मापाच्या आणि एकाच बाजूला किंचित कललेल्या... लहानपणाचा विषय निघाला की मला आधी ही भिंत दिसते, आणि ती दिसली की मी विषय बदलतो. बायकोला, मुलांना, शाळेतल्या सहकाऱ्यांना मी माझ्या बालपणातलं पुष्कळ सांगितलं आहे. ही भिंत तेवढी सांगितली नाही. विसरलो होतो असं नाही, टाळत होतो. आता पासष्टी उलटून गेली, आणि टाळण्यासाठी फारशी वर्षं उरलेली नाहीत.

आमची वाडी लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. अठ्ठावीस उंबरे. त्यांतले सव्वीस ओढ्याच्या अलीकडे आणि दोन पलीकडे. पलीकडच्या दोन घरांत एक कोंडाबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं आणि दुसरं चांदच्या वडिलांचं. ते भांड्यांना कल्हई करत. भाता फुंकून तापवलेल्या पातेल्यात नवसागर पडला की उठणारा तो पांढरा, नाकात झोंबणारा धूर चांदच्या सदऱ्यात कायमचा मुरलेला असे. चौथीत तो माझ्या शेजारी बसायचा, त्यामुळे माझ्या वह्यांनाही तो वास लागायचा, आणि आई वही हुंगून म्हणायची, ‘चांदच्या मांडीवर ठेवून लिहितोस काय रे?’

त्या वर्षी शाळेला नव्या बाई आल्या होत्या. रोज सकाळी लिंबागणेशहून पायी येत. शाळेत पोचेपर्यंत त्यांच्या साडीचा काठ वीतभर मातीच्या रंगाचा होई. फाल्गुन सरत आला होता, पळस फुलून गळायला लागला होता आणि विहिरीतल्या पायऱ्या एकेक करून वर दिसू लागल्या होत्या. एके दिवशी बाईंनी पिशवीतून ओंजळ-ओंजळ चिंचोके काढून आमच्यापुढे ओतले आणि म्हणाल्या, ‘आपण गावाचं पाणी मोजायचं.’

पाणी कसं मोजणार, म्हणून आम्ही हसलो. त्यांनी तीन करवंट्या मांडून समजावून सांगितलं. दोघादोघांनी घरं वाटून घ्यायची, प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही प्यायचं पाणी कुठून आणता? गावविहिरीचं असेल तर पहिल्या करवंटीत एक चिंचोका, मळ्यातल्या विहिरीचं असेल तर दुसरीत, ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं असेल तर तिसरीत. मग भिंतीवर चित्र काढायचं. चार घरांना एक घागर. ‘आणि दोनच घरं उरली तर?’ कुणीतरी विचारलं. ‘तर अर्धी घागर,’ बाई म्हणाल्या आणि फळ्यावर खडूनं मधोमध कापलेली घागर काढून दाखवली. ‘किती चिंचोके झाले ते मला सांगू नका. मला भिंतीनं सांगितलं पाहिजे.’

पुढे आयुष्यभर मी शिक्षकच होतो, पण इतका चांगला धडा मला कधी सुचला नाही.

चांद आणि मी जोडीनं निघालो. दुपारच्या उन्हात शेणानं सारवलेल्या ओट्यांचा, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास... दारोदार आम्ही प्रश्न विचारत होतो आणि बायका आम्हालाच उलटं विचारत होत्या.

‘पाणी मोजायला आलाव व्हय? आधी दोन हंडे आणून टाका, मग मोजा.’

‘बाईनी सांगितलंय, काकू.’

‘बाईला म्हणावं, मोजून न्हाई वाढत. लेकरायला पाढे शिकव म्हणावं.’

ओढ्याशी आल्यावर मी एका सावलीला बसलो. वाळू तापली होती आणि माझ्या पायांत काही नव्हतं. ‘तू जा की, तुझंच घर हाय,’ मी चांदला म्हणालो. तो गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत दोन चिंचोके होते, त्याच्या घराचा आणि कोंडाबाईचा. शाळेत येऊन ते त्यानं तिसऱ्या करवंटीत टाकले, अगदी हळू, आवाज होऊ न देता. ती करवंटी तोवर रिकामी होती.

माझा हात चित्राला बरा, म्हणून भिंत माझ्याकडे आली. करवंट्या, गेरू आणि लिंबाच्या काड्या चावून केलेले कुंचले घेऊन मी घरी गेलो. पहिल्या करवंटीत अठरा चिंचोके निघाले, दुसरीत आठ, तिसरीत दोन. म्हणजे गावविहिरीच्या साडेचार घागरी, मळ्याच्या दोन, आणि ओढ्याची नुसती अर्धी. ती अर्धी नीट जमावी म्हणून मी घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं गिरवत होतो, तेवढ्यात आत्या आली.

‘मेल्या, फुटकं मडकं काढतूस भिताडावर? आनखी कोण जायचं हाय आपल्या घरातलं?’

तिनं पदरानंच ते पुसून टाकलं. त्याच पौषात आमचे थोरले काका गेले होते. खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरणारा माझा चुलतभाऊ, मडक्याला दगडानं पाडलेलं भोक, त्यातून लागलेली पाण्याची धार आणि शेवटी ते फुटल्याचा आवाज हे सगळं मी पाहिलं होतं. आणि आता आईचे दिवस भरत आले होते. ज्या भिंतीसमोर मी रोज बसणार, तिच्यावर मी स्वतःच्या हातानं दोन फुटकी मडकी काढायची...

शनिवारी सकाळची शाळा. बाई यायच्या आत मी भिंतीपुढे उभा राहिलो आणि तिसऱ्या करवंटीतले दोन चिंचोके पहिलीत टाकले. अठराचे वीस झाले. पाच घागरी, अख्ख्या. अर्धी कुठेच उरली नाही. तिसरी ओळ मी काढलीच नाही. बाईंनी येऊन घागरी मोजल्या, चिंचोके मोजले. अठ्ठावीस घरं बरोबर जुळली. ‘शाबास,’ त्या म्हणाल्या. चांद भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिला.

इथवरचं सारं भीतीच्या नावावर टाकता येईल, आणि बरीच वर्षं मी मनाशी टाकतही आलो. पुढचं टाकता येत नाही.

चार-पाच दिवसांनी तालुक्याचे साहेब आले. वाडीला एक हापसा द्यायचा होता आणि जागा ठरवायची होती. बाईंनी मोठ्या हौसेनं त्यांना भिंतीपुढे आणलं. मागं गावातली चार मोठी माणसं उभी होती. साहेबांनी घागरी पाहिल्या, हसले आणि म्हणाले, ‘ओढ्याचं पाणी पिणारं कुणी असेल तर ओढ्याच्या पलीकडं बोअर घेऊ. नसेल तर इथंच, शाळेपुढं.’

‘भिंतीवर तर कुणी दिसत नाही,’ बाई म्हणाल्या.

चांद उभा राहिला. ‘हाय साहेब. आमी पितो. आमचं घर आन् कोंडाबाईचं. दोन घरं.’

साहेबांनी विचारलं, चित्र कुणी काढलं. मी उभा राहिलो. त्यांनी मला नाव विचारलं नाही, वडिलांचं विचारलं नाही. फक्त म्हणाले, ‘काय रे, खरं काय?’

तेव्हा मला मडकं आठवलं नव्हतं, काका आठवले नव्हते, आईही नाही. एवढंच वाटत होतं की माझ्या पाच घागरींना सगळ्यांनी शाबास म्हटलेलं आहे. मी म्हणालो, ‘चांद खोटं बोलतोय. ते गावविहिरीवरच येतात.’

मागच्या मोठ्या माणसांना खरं ठाऊक होतं. त्यांना हापसा अलीकडेच हवा होता. वर्गातल्या काही पोरांनाही ठाऊक असणार. पण विचारलं मला होतं.

बाईंनी चांदला मारलं नाही. त्याला पुढं बोलावून शांतपणे म्हणाल्या, ‘मोजणाऱ्यानं खोटं सांगू नये, चांद. सगळं मोजलेलं वाया जातं.’ आणि शाळा सुटेपर्यंत त्याला भिंतीशी उभं केलं.

सुटल्यावर त्यानं मला ओढ्याच्या वाटेवर गाठलं. मला वाटलं, आता मारतो.

‘काहून केलंस असं बे?’

‘काय?’

‘माझे दोन चिंचोके कुठं गेले?’

‘मला काय ठाव,’ मी म्हणालो.

त्यानं हापशाचं नाव काढलं नाही. तेवढंच विचारलं आणि वाळूतून पलीकडे गेला.

हापसा शाळेपुढं झाला. पाणी चांगलं लागलं. पावसाळ्यात ओढा भरून वाहू लागला की पलीकडची दोन घरं महिना-महिना तिकडेच अडकत आणि तेच गढूळ पाणी तुरटी फिरवून पीत. उन्हाळ्यात हापशावर अलीकडच्यांचीच रांग हटत नसे, आणि चांदची आई झिऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं घागर भरताना शाळेच्या खिडकीतून दिसायची. एक घागर भरायला आमचा गणिताचा तास संपायचा. वर्गात चांद काहीही सांगू लागला की कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘मोजून आलास का बे?’ आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. मग तो सांगेनासाच झाला. पुढच्या वर्षी पाणी भरायला माणूस हवं म्हणून त्याला शाळेतून काढलं, आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी घर मोडून बीड गाठलं. कोंडाबाई एकटीच राहिली. बाईंची बदली झाली. त्यांनी शिकवलेल्या त्या धड्यात एक मुलगा खोटा ठरला होता आणि तो खोटा नव्हता, हे त्यांना कधीच कळलं नाही.

तीस-बत्तीस वर्षं मी पोरांना चित्रालेख शिकवला. झाडं मोजून घेतली, शेळ्या मोजून घेतल्या, कुणाकडे सायकल आहे ते मोजून घेतलं. आकडे मात्र नेहमी असे निवडले की भाग पूर्ण जावा. एका मुलीनं एकदा विचारलं होतं, ‘सर, तीनच शेळ्या उरल्या तर?’ मी तिला चौथी मिळेपर्यंत शोधायला सांगितलं होतं.

निवृत्तीनंतर मी शोधत गेलो तेव्हा बीडमध्ये एका रस्त्याच्या कडेला चांद मला सापडला. सीताफळांचा गाडा होता. डोंगरातली, मोठ्या डोळ्यांची फळं, आणि भोवती त्यांचा तो गोड, जड वास. नाव सांगितल्यावर त्यानं मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, नातवाला चहाला पिटाळलं.

‘मास्तर झालात म्हणं तुमी. आपल्या वाडीचं नाव काढलं.’

‘तुमी’ म्हणाला. ‘बे’ म्हणाला असता तर कदाचित बोललो असतो... हेही निमित्तच. मी घरून एक वाक्य पाठ करून नेलं होतं. चहा संपला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. गुडघ्यांचं बोलून झालं, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलून झालं. मधेच एकदा तो माझ्याकडे पाहून थांबला, जणू मी काही सांगणार आहे हे त्याला कळलं होतं. मी विचारलं, ‘यंदा माल कसा आहे?’

‘बरा हाय,’ तो म्हणाला.

त्यानंतर मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी गाड्यावर गर्दी होती, म्हणून लांबूनच परतलो. दुसऱ्या वेळी, गेल्या हिवाळ्यात, गाड्यावर त्याचा मुलगा होता. त्यानं सांगितलं, अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले. मग विचारलं, ‘काही काम होतं का चाचा?’

मी नाही म्हणालो.

काम होतं. वाक्य लहानच होतं, आणि इतक्या वर्षांत मी त्यातला एकही शब्द बदललेला नव्हता — चांद, त्या दिवशी साहेबांपुढं तू खरं बोलला होतास. खोटं मी बोललो.