रोजचा उपास

इंदापुरातल्या ज्या नाचाच्या क्लासमध्ये मी झाडलोट करते, तिथल्या बाई अंगानं चांगल्या भरलेल्या आहेत. जिना चढताना खालूनच ओरडतात, "पोरींनो, भूकंप न्हाय, मी येतीय!" पण लावणीला उभ्या राहिल्या की नजर हटत नाही.

गॅदरिंग जवळ आल्यापासून क्लासमधली एक मुलगी रोज उपास सांगायची. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. उरलेल्या दिवसांनाही तिला कुणीतरी देव सापडायचा. मला तिच्या भक्तीचं कौतुक वाटायचं. ती फराळही करत नाही, हे फक्त बाईंनी हेरलं होतं.

परवा नाचताना तिला घेरी आली. बाईंनी गाणं बंद केलं आणि तिला पाणी पाजलं.

"एवढं देव तर नरसिंहपुरातल्या देवळांतबी न्हाईत गं," त्या म्हणाल्या.

मुलगी रडायला लागली. "बाई, स्टेजवर माझं पोट दिसतं."

"दिसू दे की! माझं तर आधी स्टेजवर जातं, मागनं मी जाते."

रडता रडता ती हसली. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "असं न जेवणं हा आजार असतो, बाळा. तुझी चूक न्हाय. उद्या आईला घेऊन डॉक्टरांकडं जाऊ. मी हाय संगं."

त्यांनी आपला डबा उघडून मध्ये ठेवला. बऱ्याच वेळानं मुलीनं भाकरीचा तुकडा मोडला. एरवी तोंड न मिटणाऱ्या बाई गप्प उठून खिडकीशी गेल्या आणि मलाही डोळ्यांनी बोलावलं. तिचा घास खाऊन होईपर्यंत आम्ही दोघी रस्त्यावरच्या एसट्या बघत उभ्या राहिलो.