खुर्शिदाताईचं नेट आणि चारची बॅच

भोरला कचेरीबाहेर जलीलचाचा लोकांचे अर्ज टाइप करत बसायचे. ते गेल्यावर त्यांचं मशीन त्यांच्या मुलीनं, खुर्शिदाताईनं, घरी आणलं, आणखी पाच जुनी मशीनं मिळवली आणि पुढच्या खोलीत दुपारचा टायपिंगचा क्लास काढला. चारची बॅच आम्हा मुलींची. आमचं चुकलं तरी ताई ओरडायची नाही. कागद उजेडाला धरायची आणि खोडलेली जागा नुसती दाखवायची. तेवढ्यानंच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

२००६ साली तिनं कॉम्प्युटर घेतला, टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँडही. खोलीत दुसरी जागा नव्हती, म्हणून मशीनांच्याच लांब टेबलाच्या टोकाला तो बसवला. पहिल्याच आठवड्यात त्याचे नखरे सुरू झाले. सकाळी नेट उत्तम. दुपारी मात्र जायचं, यायचं, पुन्हा जायचं. टेलिफोनचा माणूस सकाळी येऊन "लाइन चोख आहे" म्हणून गेला. ताईला वाटायचं, उन्हानं तार तापत असेल.

अशातच एका दुपारी आंबवड्याच्या सगुणाबाई आल्या. त्यांची लेक सोनिया मस्कतला नर्स होती. तिला बाळ झालं होतं आणि तिनं ताईच्या ई-मेलवर फोटो पाठवला होता. सगुणाबाई कडेच्या स्टुलावर बसल्या. आमची टकटक चालू होती.

फोटो वरून खाली हळूहळू उघडू लागला. आधी टोपडं. मग कपाळ. मग मिटलेले डोळे. आणि तिथंच थांबला.

"नाक कुठंय गं त्याचं?" सगुणाबाई घाबरून म्हणाल्या.

"येतंय मावशी, नेट गेलंय जरा."

ताईनं मोडेम बंद करून पुन्हा लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा टोपडं, पुन्हा कपाळ, पुन्हा ठप्प. मग ती मोडेमच्या दिव्यांकडे बघत बसली. "टेलिफोनचा दिवा पेटलेलाच आहे," ती पुटपुटली. "कॉम्प्युटरचा तेवढा विझतोय. म्हणजे बिघाड बाहेर न्हाई, हितंच कुठंतरी आहे." तिनं केबलचं मोडेमकडचं टोक काढून परत घट्ट बसवलं. दिवा लागला, आणि लगेच विझला.

साडेपाचची एसटी जवळ येत होती. सगुणाबाई मात्र आता पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर कधी त्या दिव्यावर, कधी आमच्या हातांवर.

"खुर्शिदा," त्या हळूच म्हणाल्या, "मला काय वाचता येत न्हाई. पर ह्या पोरी ओळ संपली की मशीनीचा गाडा ढकलत्यात न्हवं? तवाच तुजा दिवा इजतोय बग."

ताईनं दिव्यावर नजर रोखली. मग मला म्हणाली, "ढकल गं."

मी गाडा ढकलला. टेबल हललं. दिवा विझला.

ताईनं कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला आणि मागं हात घातला. केबलच्या टोकाला खाचेत अडकणारी प्लॅस्टिकची बारीक जीभ असते, ती मोडली होती. प्रत्येक धक्क्याला टोक केसभर बाहेर सरकत होतं.

"हात थांबवा सगळ्यांनी," ताई म्हणाली. सहाही मशीनं थांबली. कॉम्प्युटरमागं वाकून ते टोक तिनं बोटानं दाबून धरलं आणि मला फोटो पुन्हा उघडायला सांगितलं. बाकीच्या सगळ्या माझ्या मागं उभ्या. टोपडं, कपाळ, डोळे, नाक, आणि जांभई देणारं इवलंसं तोंड.

"सोनियाच्या बापाचं नाक हाय," सगुणाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. कॉम्प्युटरमागून ताईनं विचारलं, "आलं का पूर्ण?" तिला तिथून काहीच दिसत नव्हतं.

प्रिंट काळीपांढरी निघाली. ती उराशी धरूनच सगुणाबाई एसटीकडे गेल्या. ताईनं मग पुण्याहून नवी केबल आणली आणि सुताराकडून कॉम्प्युटरला वेगळं टेबल करून घेतलं.

पुढं टायपिंगला येणाऱ्या मुली कमी होत गेल्या आणि चारची बॅच बंद पडली. २००९ च्या सुमारास मी भेटायला गेले तेव्हा खोलीत तीन कॉम्प्युटर होते आणि फॉर्म भरायला आलेली माणसं. चहा देताना ताई म्हणाली, "आता नेट कसं, अजिबात जात न्हाई."

मग कप पुसत म्हणाली, "पण चार वाजले की करमत न्हाई गं."