मिटल्या डोळ्यांपुढचं भांडुप

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा मी भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर झालो. खिडक्यांची ग्रिलं बनवायचो. लग्न नवीन होतं. मालवणहून आलेली बायको माझ्यासमोर लाजून गप्पच असायची.

एकदा घाईत मी डोळ्यांपुढे काच न धरताच वेल्डिंगचे टाके मारले. संध्याकाळी डोळ्यांत तापलेली वाळू ओतल्यासारखं झालं. डॉक्टरांनी औषध घातलं आणि डोळे मिटून पडून राहायला सांगितलं.

सकाळी तिने पापण्यांवर बटाट्याच्या गार चकत्या ठेवल्या. मी चाचपडत उठू लागलो, तसा तिने खांदा दाबला. "गप पडान ऱ्हवा. काय बघूचा आसा, ता मी सांगतंय."

दारात बसून ती सांगू लागली. समोरच्या पत्र्यावर वाळणारी मोरपंखी साडी वाऱ्याने फुगलीय, डोंगरावर ढगाची सावली चढतेय, नळावर एक म्हातारी कबुतराशी भांडतेय. तिचा आवाज इतका गोड आहे, हे मला तेव्हा कळलं. मध्येच ती माहेरच्या खाडीबद्दल बोलू लागली, आणि आमची गल्ली कुठे संपली नि खाडी कुठे सुरू झाली, ते मला समजेना.

डोळे बरे झाल्यावरही एक दुपार मी ते उघडले नाहीत. तिच्या ते लक्षात आलं. ती हसली आणि सांगत राहिली.