सिंधुबाईंची पाच घमेली

निलंग्याजवळच्या गावात सिंधुबाई आणि त्यांचे धाकटे दीर शिवमूर्ती यांचा गोठा एकत्र होता. नवरा गेल्यापासून शेणघाण सिंधुबाईंच्या वाट्याला आणि कारभार शिवमूर्तीच्या. दोघांचं कधी पटलंच नाही.

त्या श्रावणात दूध तोडलेली सहा वासरं हगवणीला लागली. पोटं नगाऱ्यासारखी, अंगावरचे केस उभे. शिवमूर्तीनं जंताच्या औषधाची अख्खी पुडी खुराकात कालवून एकाच गव्हाणीत ओतली. दांडगी वासरं तुटून पडली, बारक्यांना त्यांनी ढुशा मारून हुसकलं. सिंधुबाई म्हणाल्या, "भावजी, बारकी उपाशी राह्यली. औषध त्यांच्या पोटात गेलंच न्हाई."

"वैनी, मला शिकवू नका."

चौथ्या दिवशी सगळ्यात बारकी कालवड मेली. शिवमूर्तीनं दूध डेअरीवर सांगून टाकलं, "वैनीच्या हाताला यश न्हाई. माझा भाऊ गेला, आता जनावरं चालली."

ते ऐकून सिंधुबाई रडल्या नाहीत. उरलेल्या पाचही वासरांचं शेण वेगवेगळ्या डब्यांत भरलं आणि एसटीनं निलंग्याचा जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी शेण तपासून सांगितलं, "जंताची अंडी खच्चून आहेत. छातीचा घेर मोजून वजन काढा, त्या मापानं औषध खुराकात घाला. पण ज्याचं त्यानंच खाल्लं पाहिजे. तीन आठवड्यांनी परत शेण आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच वासरं एकमेकांपासून चांगली लांब लांब बांधली आणि प्रत्येकापुढं आपलं आपलं घमेलं ठेवलं. शिवमूर्ती आला. "काय चारताय माझ्या वासरांना?" म्हणत त्यानं पहिलंच घमेलं लाथेनं उडवलं.

सिंधुबाईंनी शेणाचं फावडं उचललं. "आता दुसऱ्याला पाय लावून दाखवा."

तो शिव्या देत उभा राहिला, पण पाय काही उचलला नाही. त्यांनी सांडलेल्या वाट्यापुरतं औषध पुन्हा मोजलं, कालवलं आणि वासरानं तळ चाटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

दोन दिवसांत शेणात पांढऱ्या जंतांचे पुंजके पडले. हगवण थांबली. दिवाळीपर्यंत वासरांच्या अंगावर तकाकी आली. तेव्हा शिवमूर्ती डेअरीवर मिशीला पीळ देत म्हणाला, "मी औषध घातलं म्हणून वाचली."

सिंधुबाई कॅन घेऊन मागंच उभ्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "व्हय, एका गव्हाणीत तुम्हीच घातलं. त्यानंच एक मेली. ते बी सांगा की."

त्याच आठवड्यात गोठ्याच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. बोलणं तुटलं. गावातल्या बाया मात्र वासराचा घेर मोजायला सिंधुबाईंना नेऊ लागल्या, आणि एका गव्हाणीत औषध घालणारीला त्या दारातच फैलावर घेत.

गेल्या वर्षी शिवमूर्तीची सून दीपमाला पदर सावरत आली. "आत्याबाई, आमची कालवड खंगून चालली."

सिंधुबाई टेप घेऊन गेल्या. ओसरीवर शिवमूर्ती बसला होता. त्यानं तोंड फिरवलं. त्यांनी घेर मोजला, औषध कालवलं, कालवडीला चारलं. दीपमालेनं चहा आणला.

"मी जनावरासाठी आले," सिंधुबाई मोठ्यानं म्हणाल्या, "या घरचं पाणी मला चालत न्हाई."

आणि कप तसाच ठेवून बाहेर पडल्या.