अठरावा पाय, एकोणिसावा पाय

जयवंतच्या नजरेला गिरणीची सवय होती. साचेखात्यात अकरा वर्षं बदली कामगार म्हणून काढली. तिथे हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा चालता चालता दिसावा लागे. संपात गिरणी गेली, नजर राहिली. ती घेऊन तो मुलुंडच्या एका गाळ्यात तारांना सोल्डरचे डाग द्यायला लागला. तिथे कॉलेजांसाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे बोर्ड बनत. मधोमध चाळीस पायांची काळी चिप, भोवती दिवे आणि बटणं.

सत्त्याऐंशी साली एका प्रयोगशाळेची पंचवीस बोर्डांची ऑर्डर आली. मालक चंद्रप्रकाशशेठ स्वतः त्याच्या टेबलाशी आले.

"जयवंत, हा लॉट पास झाला की तू कायम. टेस्टर म्हणून."

"नक्की ना शेठ?"

"मी कधी फिरलोय का रे?"

फिरले होते, दोनदा. जयवंत हसला नुसता.

चिपला चालायला ठोका लागतो, एकसारखा, सेकंदाला लाखो वेळा. एरवी तो शेजारच्या क्रिस्टलमधून मिळतो. या गिऱ्हाइकाला सगळे बोर्ड एकाच ठोक्यावर चालवायचे होते, म्हणून क्रिस्टल काढून ठोका बाहेरून तारेने आणायचा होता. तार कुठल्या पायाला लावायची ते मधुकरने शीटवर लिहून भिंतीला चिकटवलं होतं: अठराव्याला ठोका, एकोणिसावा ग्राउंडला. खाली सही. मधुकर डिप्लोमावाला, जयवंतपेक्षा नऊ वर्षांनी लहान.

पहिला बोर्ड मेलेला निघाला. दुसराही, तिसराही.

"डाग कच्चा असेल तुझा," मधुकर म्हणाला.

"तिन्ही कच्चे?"

"मग काय, शीट चुकली?"

"तसं नाही म्हणत साहेब. पण या वेळच्या चिपा नव्या आहेत. वरच्या आकड्यांत मधे सी आहे."

"कमी वीज खातात, एवढाच फरक. तू शीट बघ आणि काम कर ना यार."

नव्या चिपांच्या खोक्यात एक माहितीपत्रक होतं. दुपारी गाळ्यातली मंडळी त्यावर वडापाव ठेवत. तेलाच्या डागातून जयवंतला आकृती दिसली. तार एकोणिसाव्याला जात होती आणि अठराव्यापुढे दोनच अक्षरं होती. तो कागद घेऊन ऑफिसात टायपिंग करणाऱ्या शुभाकडे गेला.

"शुभाताई, एन सी म्हणजे काय हो?"

"नॉट कनेक्टेड. काही जोडायचं नाही. का हो?"

"काही नाही. जो पाय ग्राउंड करून आम्ही चिपचा गळा दाबत होतो, तिथेच तिला श्वास हवा होता."

"बाई गं. मधुकरला सांगा की."

"सांगतो. आधी दिवा लागू दे."

त्याने एका बोर्डाची तार एकोणिसाव्याला लावली, अठरावा मोकळा सोडला. दिवा लुकलुकायला लागला. संध्याकाळपर्यंत सगळ्या तारा बदलून झाल्या. प्रत्येक बोर्डाला पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर तपासणाऱ्याची सही: ज. गु. सावंत. पंचवीस वेळा सही करताना त्याचं अक्षर सुधारत गेलं.

प्रयोगशाळेतून तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळे बोर्ड एका तारेवर लावले. पंचवीस दिवे एकदम लागले, एकदम विझले.

"छान. नव्या चिपला जोडणी उलटी होते, बरेच जण चुकतात. कुणी लक्ष दिलं?"

चंद्रप्रकाशशेठ म्हणाले, "आमचे इंजिनीअर, मधुकर."

जयवंतने मधुकरकडे पाहिलं, तेव्हा तो चष्मा पुसत होता.

"आणि हे सावंत कोण? चिठ्ठीवर डिप्लोमावाल्याची सही लागते."

"बदलून देतो साहेब, आत्ता," शेठ म्हणाले.

चिठ्ठ्या जयवंतनेच कापल्या. नव्या त्यानेच बांधल्या. भिंतीवर नवी शीट लागली: एकोणिसाव्याला ठोका, अठरावा मोकळा. खाली पुन्हा मधुकरचीच सही.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"बघ जयवंत, टेस्टर नाही होणार. पाहिलंस ना, कागद लागतो. पण शब्द दिलाय. पॅकिंगला घेतो तुला, एक तारखेपासून कायम."

"शेठ, तो लॉट माझ्यामुळे पास झाला."

"न विचारता तारा बदलल्यास तू. मधुकरने तक्रार केलीय. उद्या काही जळलं असतं तर? यापुढे बोर्डाला हात लावायचा नाही. बोल, हवं की नको?"

रस्त्यापलीकडचा गाळा महिन्यापूर्वीच बंद पडला होता. जयवंत म्हणाला, "हवं."

घरी रुक्मिणी दारातच होती. "अहो, कायम केल्यान?"

"केलं."

"टेस्टर?"

"कायम म्हटलं ना गं."

तिने त्याच्या हातावर साखर ठेवली. त्याने ती खाल्ली, पाणी मागितलं, आणि अंगातला सदरा न काढता तसाच बसून राहिला.

पुढच्या महिन्यात मधुकर एक बोर्ड घेऊन पॅकिंगच्या टेबलाशी आला. कपाळावर घाम.

"जयवंत, हाही बाहेरच्या ठोक्याचा लॉट, सगळा मेलाय रे. नव्या शीटप्रमाणेच केलंय. जरा बघ ना. उद्या माल जायचाय."

बोर्ड त्याच्यासमोर होता. चिपवरच्या आकड्यांत सी नव्हता. उरलेल्या जुन्या चिपा कुणीतरी वापरून टाकल्या होत्या. हिला ठोका अठराव्यावर लागतो. बघायला क्षणही लागला नाही.

"मला हात लावायला बंदी आहे."

"हात नको लावू. नुसतं सांग."

जयवंतने मूठभर पेंढा उचलला आणि रिकाम्या पेटीत नीट, कोपऱ्यापर्यंत, दाबून बसवला.

"सरक जरा, साहेब. झाकण लावायचंय."