सही मागाहून घेऊ

ईलिंगमधल्या माझ्या कार्यालयात शुक्रवारी मतदारांची रीघ लागायची. खासदाराच्या त्या भेटीला इथे सर्जरी म्हणतात. पुण्यात जन्मलेली बाई लंडनची खासदार झाली, याचा मला जरा जास्तच गर्व होता. त्यात समोर मराठी माणूस आला की मी पाघळायचेच.

त्या शुक्रवारी एक काका आले. काकूंचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर होता, नर्स घरी येऊन जायच्या. नागपूरच्या एकुलत्या एका मुलीला व्हिसा नाकारला होता. आली तर परत जायची नाही, अशी अधिकाऱ्यांना शंका. काका रडले नाहीत. ती पोचेपर्यंत ही तग धरेल ना, एवढंच त्यांनी विचारलं, जणू तेही माझ्याच हातात होतं.

सहायिकेने नियमाप्रमाणे संमतीपत्र पुढे केलं. अर्जदाराची, म्हणजे मुलीची, सही असल्याशिवाय व्हिसा खातं खासदाराशीही बोलत नाही. मी तो कागद बाजूला सारला. घरचंच काम आहे, सही मागाहून घेऊ, म्हणाले. आपल्या माणसाला कसले फॉर्म भरायला लावायचे? मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय. संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या मेलवरून खात्याला पत्र पाठवलं. सहायिकेच्या यादीत ते प्रकरण चढलंच नाही.

आणि निवडणूक लागली. संसद विसर्जित झाली की इथे कोणीच खासदार उरत नाही. मीही नुसती उमेदवार, दारोदार पत्रकं वाटत फिरत होते. जागा जाणार हे लोकांच्या तोंडावर दिसत होतं. मेल उघडायचीही धास्ती वाटायची. शेवटी एका सोमवारी सकाळी उघडली. खात्याचं उत्तर अठरा दिवस तसंच पडून होतं. अर्जदाराची सही पाठवा, तातडीने विचार करू, असं त्यात होतं.

नागपूरला फोन करून मुलीला फॉर्म पाठवला. दहा मिनिटांत सही होऊन आला. दहा मिनिटांचं काम होतं ते. खात्याला पाठवला आणि तशीच काकांकडे धावले.

काकांनी दार उघडलं. काकू पहाटे गेल्या होत्या. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, सगळं कबूल केलं एवढं आठवतं. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. ते आत गेले आणि फोन घेऊन आले.

"मुलीला अजून सांगितलं नाहीये. माझ्याच्याने होत नाही. तुम्ही सांगा, ताई."

नाही म्हणायला मला तोंड होतं कुठे? त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. मला बघताच तिचा चेहरा फुलला.

"झाला ना व्हिसा, ताई? मी बॅग भरूनच बसलेय."