चतुरामावशींचा मंगळवार

चतुराबाई मौले पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या त्या पत्ता विचारायला. हातात घडी घालून मऊ झालेला कागद. त्यावर इंग्रजीत एकच ओळ आणि ओळीच्या मधोमध वेटोळ्यातला ए.

"हे पुण्यात कुठं येतं?" त्यांनी विचारलं. "तीन रिक्षावाल्यांना दाखवलं. एक म्हणला असला पत्ता नसतो, एक नुसता हसला, तिसऱ्यानं इकडं धाडलं."

"मावशी, हा ईमेलचा पत्ता आहे. कॉम्प्युटरवरचा."

"मग सरळ तसं लिहायला काय झालं होतं?" असं म्हणून त्या दारातल्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

ही २००८ सालची गोष्ट. पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा सायबर कॅफे होता. कॅफे म्हणजे काय, वडिलांच्या बंद पडलेल्या शिवणकामाच्या गाळ्यात सहा मशीन, मधे प्लायवूडच्या फळ्या आणि येणाऱ्याचं ओळखपत्र पाहून नाव लिहायची वही. तिथं लोक रिझल्ट बघायला यायचे, नोकरीचे अर्ज भरायचे, दुबईतल्या भावाशी बोलायचे. स्वतःच्या मनावर उपचार करून घ्यायला कुणी येईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मावशींचा मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, त्यांचे मालक सोमा मौले विहिरीवरची मोटर चालू करायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीला चिकटले. पेटी ओली होती. जागेवरच गेले. त्या दिवसापासून मावशींना लाइट आल्याचं सहन होईना. लाइट गेली की बऱ्या असायच्या, पण आली, पंखा फिरायला लागला, शेजारचा रेडिओ मधूनच बोलायला लागला की छातीत धडधड, हातापायाला मुंग्या आणि आता आपण मरणार अशी खात्री. त्या काळात दिवसातून तीन-चारदा लाइट जायची आणि तितक्यांदा यायची. म्हणजे मावशी दिवसातून तीन-चारदा मरायच्या.

छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. कुणी अंगारा आणून दिला, कुणी जागा बदला म्हणालं. बाकी सगळ्यांचं एकच पालुपद: टेन्शन घेऊ नका. "मी काय दुकानातून घेऊन येते का टेन्शन?" मावशी मला म्हणाल्या होत्या. शेवटी त्यांची नणंद त्यांना दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं स्नेहल नावाची समाजसेविका होती. मनाच्या दुखण्यात माणसाशी बोलायचं, त्याच्या घरात काय अडलंय ते पाहायचं आणि त्यातून वाट काढायची, हे तिचं काम. तीन वेळा भेटी झाल्या. मावशी चौथ्यांदा गेल्या तेव्हा स्नेहलची पुण्याला दुसऱ्या संस्थेत नेमणूक झालेली होती. जाताना ती हा कागद आणि निरोप ठेवून गेली होती: मी दर मंगळवारी बारा वाजता कॉम्प्युटरवर भेटेन, आपलं बोलणं अर्धवट सोडायचं नाही.

इतकं सोपं होतं. पण त्या सोप्याला दीड महिना लागला.

आधी मावशींचं स्वतःचं खातं काढायचं. कॉम्प्युटर विचारायला लागला, पासवर्ड विसरलात तर आम्ही तुम्हाला कसं ओळखायचं? तुमच्या पाळीव प्राण्याचं नाव सांगा.

"कोणता सांगू? दोन म्हशी आहेत."

"कोणतीही एक सांगा, पण तीच लक्षात ठेवा."

"अन् ती विकली तर?"

पहिल्या मंगळवारी पडद्यावर स्नेहलताई दिसल्या, हसल्या, ओठ हलले, पण आवाज नाही. मी हेडफोनची वायर काढली, घातली, मशीन बंद केलं, चालू केलं. "येतोय का आवाज?" हे वाक्य मी त्या तासात इतक्या वेळा म्हटलं की नंतर मला त्याचा अर्थच कळेनासा झाला. दुसऱ्या मंगळवारी बाराला पाच कमी असताना लाइट गेली. वर्तमानपत्रातल्या वेळापत्रकात ती तीनला जायची होती. मावशी मळ्यातून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. तिसऱ्या मंगळवारी सगळं नीट चाललं होतं, तर स्नेहलताईंकडची लाइट गेली.

"पुण्यात पण जाते?" मावशींनी विचारलं. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

चौथ्या मंगळवारी चित्र आलं, आवाजही आला. मी मावशींच्या कानावर हेडफोन बसवला आणि काउंटरवर येऊन बसले. कानावर हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो ओरडून बोलतो, हे त्यांना सांगायचं मी विसरले. ती चूक माझी. दुकानात पाच जण होते. पहिली दहा मिनिटं मळ्याच्या, झोपेच्या गोष्टी सगळ्यांना ऐकू आल्या, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग स्नेहलताईंनी काहीतरी विचारलं असावं. मावशी एकदम मोठ्यानं म्हणाल्या,

"माझ्यामुळं गेले ते. ते म्हणत होते चहा पिऊन जातो. मी म्हणलं, चहा काय पळून चाललाय? लाइट आलीये, आधी मोटर चालू करा. मीच धाडलं त्यांना."

पाचही जणांचे हात कीबोर्डवर थांबले. एक कॉलेजचा मुलगा तर फळीवरून मान उंचावून बघायला लागला. मावशींनी त्याला पाहिलं. हेडफोन काढला.

"काय बघतो? सर्कस हाय इथं? तुझं काय चाललंय ते बघ."

आणि त्या निघून गेल्या. पडद्यावर स्नेहलताई "चतुराबाई? चतुराबाई?" करत होत्या. मीच समोर जाऊन बसले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आज त्या दोन वर्षांत पहिल्यांदा हे बोलल्यात. त्यांना दार लावून बसता येईल अशी जागा मिळेल का?"

गाळ्याच्या वर आमचं घर होतं. आतल्या खोलीत आईची शिलाईची मशीन आणि गाद्यांची थप्पी. एक कॉम्प्युटर मी तिथं चढवला. भिंतीला भोक पाडून वायर नेली. वडील चिडले, "भिंतीची चाळण करते ही." आवाजाचा भरवसा नव्हता म्हणून स्नेहलताईंनी चेहरा कॉम्प्युटरवर दाखवायचा आणि बोलायचं मोबाइलवर, असं ठरलं. पण मावशी येईनात. मी मळ्यात गेले. त्या झेंडू तोडत होत्या.

"आता साऱ्या पंचवटीला माहीत झालंय," त्या म्हणाल्या.

"पाच जणांना. त्यातले तिघं परीक्षेचे फॉर्म भरायला आलेले. त्यांना स्वतःचा बैठक क्रमांक लक्षात राहत नाही."

त्या हसल्या नाहीत, पण मंगळवारी आल्या.

त्या खोलीत काय बोलणं झालं ते मला सगळं माहीत नाही. मावशी खाली आल्या की जेवढं सांगायच्या तेवढंच. एकदा मात्र रागानं लाल होऊन उतरल्या.

"मी तिला एवढं मनातलं सांगते, अन् ही मला विचारते, ती पेटी बदलली का? तीच पेटी, तीच वायर, अजून तशीच लटकतीये. मी म्हणलं, न्हाई बदलली. तर म्हणे, मग तुमची भीती खोटी कशी? पेटी खरंच धोक्याची आहे. आधी ती नीट करा, मग उरलेल्या भीतीचं बघू."

"बरोबर आहे की."

"बरोबरच हाय! म्हणून तर डोकं फिरलं. दोन वर्षांत एवढे आले, अंगारे दिले, सल्ले दिले. एकानं पेटी बघितली न्हाई. अन् माझा ललित, माझा पोरगा, लाकडानं बटण दाबतो. बाप गेला त्याच पेटीला, हा लाकडानं दाबतो!"

त्या आठवड्यात ललितनं वायरमन आणून नवा स्टार्टर बसवला, जमिनीत अर्थिंग घातलं, वर पत्र्याचं छप्पर केलं. मावशी खाटेवर बसून पाहत होत्या. मग स्नेहलताईंनी त्यांना कामं द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात पेटीपासून वीस पावलांवर उभं राहायचं, धडधडलं तरी पळायचं नाही, श्वास मोजायचे. मग पंधरा पावलं. मग दहा. मावशींचा यावर विश्वास नव्हता. "पेटीकडं बघत उभी राहते, जाऊबाई म्हणत्या हिला लागिर झालं." तरी उभ्या राहायच्या. पाच पावलांवर महिनाभर अडकल्या. त्या महिन्यात त्यांनी स्नेहलताईंना फोनवर दोनदा झापलं. दोन्ही वेळा मला खाली दुकानात ऐकू आलं, आणि मी मुद्दाम प्रिंटर चालू केला.

त्या न प्यालेल्या चहाचं ओझं मात्र लवकर सुटलं नाही. स्नेहलताईंनी एकदा विचारलं, "त्यांना पाठवलं तेव्हा पेटी ओली आहे हे तुम्हाला माहीत होतं का?" मावशी म्हणाल्या, नव्हतं. "त्यांना?" त्यांनाही नव्हतं. एवढंच. मावशी मला म्हणाल्या, "ही गोष्ट मला ठाऊकच होती गं. पण कुणी विचारलीच न्हाई." त्या दिवशी त्या बराच वेळ आईच्या शिलाई मशीनजवळ बसून होत्या. आई त्यांच्यासमोर ब्लाउजला काजं करत राहिली.

२००९ च्या माघात मावशींनी स्वतः मोटर चालू केली. कोरड्या हातानं, रबरी चपला घालून, ललितला शेजारी उभं करून. मला हे त्यांनी मेथीची जुडी काउंटरवर ठेवता ठेवता सांगितलं, जसं कुणी पाहुणे येऊन गेल्याचं सांगावं. अजून मधूनच धडधडायचं. पण आता धडधडलं म्हणून त्या मरायच्या नाहीत, वैतागायच्या.

आणि मग एप्रिलमध्ये स्नेहलताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी गोरक्ष नावाचे नवे समुपदेशक आले. पहिल्याच मंगळवारी त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला नेमका काय त्रास आहे? सुरुवातीपासून सांगाल का?"

दार बंद असूनही मला मावशींचा आवाज खाली आला. "परत सुरुवातीपासून? तिनं लिहून न्हाई ठेवलं का काही?"

मला वाटलं, आता संपलं. त्या उठून येतील. मी जिन्याकडे बघत राहिले. पण त्या आल्या नाहीत. आवाज हळू झाला आणि सलग चालू राहिला. वीसेक मिनिटांनी मावशी खाली आल्या, वहीत सही केली, चपला घातल्या.

"सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं. सारं. पोरगा चांगला हाय, पण लय लिहून घेतो."

"आणि रडू?"

"आलं थोडं. पण त्याच येळी त्याचं चित्र अडकलं होतं पडद्यावर, तोंड उघडं ठेवून. त्याला काय दिसलं नसंल," असं म्हणून त्या रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या.